लोहाचा प्रयोग आणि समुद्राची मालकी

गोदावरीच्या खोऱ्यांतील उमरीसारख्या गांवीं समुद्र हा भूगोलाच्या पुस्तकांतच भेटतो. तथापि येथील ज्वारी, तूर व कापूस यांचें भवितव्य ठरतें तें समुद्रावरून येणाऱ्या पावसानें. आणि तो रुसला म्हणजे काय होतें, हें २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणाव्या लागलेल्या लातूरनें पाहिलें आहे. हवामान सुधारण्याच्या हेतूनें समुद्राच्या घडणींत कोणी हात घालूं लागला, तर तो कोणाच्या संमतीनें, हा प्रश्न म्हणूनच आमच्याही दारचा आहे.

ह्या प्रश्नाच्या इतिहासांत गोव्याचें नांव ठळक आहे. दक्षिण महासागरांत इतर पोषक द्रव्यें मुबलक असूनही लोहाच्या अभावीं सूक्ष्म वनस्पति वाढत नाहींत, असें अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनीं १९९० च्या सुमारास प्रतिपादिलें. लोह घातल्यास त्या वाढतील, हवेंतील कर्बवायु शोषतील आणि मेल्यावर तो कर्ब खोल तळाशीं नेतील, ही त्यामागची कल्पना. १९९३ पासून तिच्या प्रत्यक्ष कसोट्या सुरू झाल्या. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनीं मिळून जो प्रयोग योजिला, त्यास ‘लोहाफेक्स’ असें नांव पडलें. त्यांतील ‘लोह’ हा शब्द आपलाच. वाजिह नक्वी व व्हिक्टर स्मेटाचेक हे त्याचे धुरीण होते.

७ जानेवारी २००९ रोजीं ‘पोलारस्टर्न’ जहाज केपटाउनहून निघालें, आणि वाद पेटला. २००८ च्या मे महिन्यांत बॉन येथें जैवविविधता करारांतील राष्ट्रांनीं, किनाऱ्यालगतचे लहान शास्त्रीय प्रयोग वगळून, असले उद्योग थांबवावेत असें ठरविलें होतें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, समुद्रांत टाकाऊ वस्तु टाकण्यावर निर्बंध घालणाऱ्या लंडन करारांतील राष्ट्रांनीं मात्र रीतसर परीक्षण झालेल्या संशोधनास वाट ठेविली. एकाच कृत्याला दोन मापें! पर्यावरण संघटनांनीं व जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयानें हरकत घेतली. जहाज समुद्रांत असतांना परीक्षणें मागविलीं गेलीं, व २६ जानेवारीस परवानगी मिळाली.

फळ काय निघालें? सुमारें ३०० चौरस किलोमीटरांच्या भागांत वनस्पति आरंभीं वाढल्या. परंतु सूक्ष्म कवचधारी प्राण्यांनीं त्या फस्त केल्या, व तेथील पाण्यांत सिलिका अल्प असल्यामुळें डायटम फोफावले नाहींत. खोल गेलेला कर्ब अत्यल्प ठरला.

येथें दोन्ही पक्षांनीं विचार करावा. प्रयोग झाला म्हणूनच एका भोळ्या आशेची मर्यादा कळली. सरसकट बंदीनें ती कळली नसती. परंतु परवानगीचा विचार जहाज निघाल्यावर व्हावा, हेंही शोभणारें नव्हे. ज्ञानासाठीं केलेलें कृत्य व नफ्यासाठीं केलेलें कृत्य यांत भेद करणारा पंच आधींच बसला पाहिजे. तो नसला म्हणजे काय होतें, हें २०१२ सालीं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर दिसलें: सुमारें १०० टन लोहक्षार समुद्रांत ओतला गेला, आणि जगास तें मागाहून कळलें.

पुढें २०१३ सालीं लंडन प्रोटोकॉलमध्यें बंधनकारक दुरुस्ती संमत झाली. पण पुरेशा राष्ट्रांच्या मान्यतेअभावीं ती अद्याप अमलांत आलेली नाहीं. इकडे समुद्राची आम्लता कमी करण्यासाठीं त्यांत अल्कधर्मी द्रव्यें मिसळण्याच्या योजनाही पुढें येत आहेत.

सामाईक विहिरींत औषध टाकावयाचें तर गांवांत आधीं विचारविनिमय होतो. समुद्राच्या बाबतींत एवढी तरी रीत पाळली जावी. राष्ट्रांनीं ती दुरुस्ती विनाविलंब मान्य करावी, आणि परीक्षणमंडळांत पावसावर जगणाऱ्या देशांसही जागा असावी, इतकेंच आमचें म्हणणें आहे.