हेगचा खर्च आणि फोर्डची बोट

फेब्रुवारी १९१५ मध्ये आम्स्टरडॅम येथे काही स्त्रिया एका बैठकीसाठी जमल्या. पश्चिम आघाडीवर खंदक खणून झाले होते, बेल्जियमचा बहुतेक भाग जर्मन सैन्याच्या ताब्यात होता, आणि या बैठकीत ब्रिटिश, जर्मन, बेल्जियन व डच स्त्रिया समोरासमोर बसल्या होत्या. एप्रिलअखेर हेग येथे स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरवावी, असे त्यांनी ठरवले. युद्धास जबाबदार कोण आणि युद्ध कोणी कसे चालवले, या विषयांवर परिषदेत चर्चा होणार नाही, हा नियमही त्यांनी केला. हे सारे इतिहासग्रंथांत येते. त्या मानाने खर्चाविषयीचा निर्णय मागे पडतो. आमच्या मते मात्र त्या बैठकीतला सर्वांत धीट निर्णय तोच होता. परिषदेच्या खर्चाची हमी ब्रिटिश, डच आणि जर्मन स्त्रियांनी घेतली, आणि प्रत्येक देशाच्या स्त्रियांनी एक-तृतीयांश रक्कम उभारायची असे ठरले. ज्या दोन राष्ट्रांची सैन्ये परस्परांवर तोफा डागत होती, त्या राष्ट्रांच्या स्त्रियांनी एकाच खर्चाचे समान वाटे उचलले.

साहित्याच्या अभ्यासकांनी या हिशेबाकडे का वळावे, असा प्रश्न पडू शकेल. त्याचे एक कारण पुढे येईलच. दुसरे कारण असे की आपण सर्वांनी कधी ना कधी चर्चासत्रे भरवली आहेत. आम्हीही भरवली आहेत. अनुदानाचे पत्र हाती येईपर्यंत विषय थोडा वळतो, वक्त्यांची यादी थोडी बदलते, आणि शेवटी फलकावर कोणाचे नाव किती मोठे, यावर अर्धी दुपार जाते. युद्धकाळात, शत्रुराष्ट्रांच्या सरहद्दी ओलांडून, शासनाच्या मर्जीविरुद्ध भरलेल्या परिषदेला पैसा कोठून आला, हे कुतूहल आम्हाला त्या अनुभवातूनच लागले.

आलेटा याकोब्स या परिषदेच्या मुख्य आयोजक. हॉलंडमध्ये वैद्यकीची पदवी मिळवणारी ही पहिली स्त्री. अध्यक्षपद शिकागोच्या जेन ॲडम्स यांनी स्वीकारले. जर्मनीहून आलेल्या आनिता आउग्सपुर्ग कायद्याच्या डॉक्टर होत्या. स्कॉटलंडच्या क्रिस्टल मॅकमिलन यांनी १९०८ मध्ये ब्रिटनच्या उमराव सभेपुढे स्त्रियांच्या मताधिकाराचा दावा स्वतः मांडला होता. अमेरिकेच्या ॲलिस हॅमिल्टन कारखान्यांतील विषबाधेच्या अभ्यासक, तर एमिली ग्रीन बॉल्च अर्थशास्त्राच्या प्राध्यापक. स्लाव स्थलांतरितांचा अभ्यास करण्यासाठी बॉल्च ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गावांतून हिंडल्या होत्या, म्हणजे ज्या प्रदेशातून महायुद्धाची ठिणगी पडली तो त्यांनी पायांखाली घातला होता. आज अशा व्यक्तीस आपण प्रादेशिक सुरक्षेची तज्ज्ञ म्हणू. १९१५ च्या वृत्तपत्रांनी या सर्वजणींना भाबड्या बायका ठरवून टाकले.

परिषद २८ एप्रिल ते १ मे या दिवसांत झाली. बारा देशांच्या अकराशेहून अधिक प्रतिनिधी आल्या. त्यांत अर्थातच डच स्त्रिया बहुसंख्य होत्या. त्याच हेगमध्ये अँड्र्यू कार्नेगीच्या देणगीतून बांधलेला शांतिप्रासाद १९१३ पासून उभा होता. ही परिषद मात्र प्राणिसंग्रहालयाच्या सभागृहात भरली. ब्रिटनमधून १८० स्त्रियांनी नावे नोंदवली होती. सरकारने पासपोर्टांना कात्री लावली, मग उत्तर समुद्रातील वाहतूकच बंद झाली, आणि ज्यांना परवानगी मिळाली होती त्या टिलबरी बंदरात थांबून राहिल्या. तिघीच पोहोचल्या, त्यांतल्या दोघी आधीपासून हॉलंडमध्ये होत्या आणि तिसरी अमेरिकन प्रतिनिधींबरोबर ‘नूर्डाम’ बोटीने आली. ती बोटही ब्रिटिशांनी डोव्हरजवळ काही दिवस अडकवून ठेवली होती. फ्रेंच स्त्रिया आल्याच नाहीत. वाटे तीन ठरले तरी वाट सर्वांना मिळाली नाही.

आता साहित्यवाल्यांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. परिषदेने जी योजना उचलून धरली, ती ना कोणा मुत्सद्द्याची होती ना सेनाधिकाऱ्याची. ती ज्युलिया ग्रेस वेल्स या इंग्रजीच्या तरुण अध्यापिकेची होती. वेल्सबाई मूळच्या कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या; मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात त्या इंग्रजी शिकवत. १९१४ च्या अखेरीस, नाताळच्या सुटीच्या सुमारास, त्यांनी ही योजना लिहिली. तटस्थ राष्ट्रांतील तज्ज्ञांचे एक मंडळ बसवावे. युद्धविरामाची वाट न पाहता, लढाई चालू असतानाच, मंडळाने तडजोडीचे प्रस्ताव तयार करून सर्व युद्धमान राष्ट्रांकडे एकाच वेळी पाठवावेत. नकार आला तर त्या नकारांतून शिकून नवा मसुदा करावा, पुन्हा पाठवावा, आणि असे थांबल्याविना करत राहावे. सर्वांत महत्त्वाची अट अशी की मंडळातील कोणीही आपल्या सरकारला बांधील करणार नाही. त्यांचे काम शास्त्रज्ञासारखे राहील, वकिलातीसारखे नव्हे.

मसुदा पाठवायचा, शेरे घ्यायचे, पुन्हा लिहायचा: निबंधांच्या वह्या तपासणाऱ्या अध्यापिकेलाच ही रीत सुचावी, असे आम्हाला वाटते. ही आमची कल्पना आहे, पुरावा नव्हे. परंतु योजनेचे राजकीय मोल खरे होते. विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने १९१५ मध्ये ती उचलून धरून देशाच्या काँग्रेसकडे शिफारस केली. सरकारांना बांधील न करता तज्ज्ञांनी सरहद्दीपलीकडच्या तज्ज्ञांशी बोलावे, या रीतीला १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘ट्रॅक टू’ असे नाव मिळाले. तो शब्द वापरणाऱ्यांच्या लेखनात वेल्सबाईंचे नाव आम्हाला क्वचितच आढळले.

हेगनंतर परिषदेच्या दूतांनी त्या वसंत-उन्हाळ्यात एकामागून एक राजधान्या गाठल्या. ॲडम्स आणि याकोब्स लंडन, बर्लिन, व्हिएन्ना, रोम, पॅरिस येथे गेल्या. हंगेरीच्या रोझिका श्विमर, मॅकमिलन आणि बॉल्च स्कँडिनेव्हियाला, आणि मॅकमिलन व बॉल्च पुढे पेट्रोग्राडलाही. मंत्र्यांनी त्यांचे ऐकून घेतले, काहींनी मध्यस्थीला आपली हरकत नाही असेही सुचवले. पण तटस्थांची परिषद बोलावण्यास एकही सरकार पुढे येईना. सगळ्यांचे डोळे अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्याकडे होते आणि विल्सन हलत नव्हते. तेव्हा सरकारांविनाच ही परिषद भरवावी, असा विचार पुढे आला. सरकारे नाहीत म्हणजे खासगी पैसा हवा, आणि या कामाला लागणारा पैसा वर्गणीतून उभा राहणार नव्हता.

नोव्हेंबर १९१५ मध्ये श्विमर आणि लुई लॉकनर डेट्रॉइटला जाऊन हेन्री फोर्ड यांना भेटले. फोर्डनी होकार दिला, आणि एवढ्यावर न थांबता एक अख्खी बोटच भाड्याने घेतली. विल्सन यांची भेट घेऊन त्यांनी पाठिंबा मागितला, तो मिळाला नाही. तरीही बोटीची घोषणा झाली. घोषणा आणि प्रस्थान यांत दहा-अकरा दिवसांचेच अंतर. नाताळपर्यंत सैनिकांना खंदकांबाहेर काढू, असे फोर्ड बोलून बसले आणि पत्रकारांना हवे ते मिळाले. वेल्सबाईंच्या योजनेत नाताळचे वचन कोठेही नव्हते. उलट, नकार पचवत दीर्घकाळ बसण्याची तयारी हाच तिचा गाभा होता. पैसा देणाऱ्याने योजनेतला एक शब्दही खोडला नाही. फक्त तिचा वेळ बदलला. या साऱ्या प्रकरणात आम्हाला हाच मुद्दा सर्वांत मोठा वाटतो.

‘ऑस्कर दुसरा’ ही बोट ४ डिसेंबर १९१५ रोजी होबोकेनहून सुटली. जेन ॲडम्स आजारपणामुळे येऊ शकल्या नाहीत. बोटीवर पत्रकारच पन्नासच्या आसपास होते. कोणा टवाळाने खारींचा पिंजरा चढवून दिला, कारण अमेरिकन बोलीत खारींचे खाद्य आणि डोके फिरलेली माणसे यांना एकच शब्द आहे. वाटेत विल्सन यांच्या शस्त्रसज्जतेच्या धोरणाविरुद्ध जाहीरनामा काढण्यावरून प्रवाशांत भांडणे झाली, आणि ती तारांनी जगभर पोहोचली. श्विमर एक काळी पिशवी सतत जवळ बाळगत. तीत सरकारांकडून मिळालेली कागदपत्रे होती. पत्रकार ती पाहू मागत आणि श्विमर नकार देत. ज्या कागदांसाठी त्या निम्मे युरोप हिंडल्या, ते कागद विनोदाचा विषय झाले.

बोट नॉर्वेच्या क्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला, लागली तेव्हा फोर्डना सर्दी-तापाने घेरले होते. बरे वाटल्यावर त्यांनी पत्रकारांना बोलावले आणि मुख्यतः आपल्या नव्या ट्रॅक्टरविषयी सांगितले. नाताळच्या आधीच ते गुपचूप अमेरिकेला परतले. मंडळी पुढे स्टॉकहोम, कोपनहेगन करत, जर्मनीतून बंद आगगाडीने हेगला पोहोचली.

येथपर्यंतची हकीकत सर्वांना ठाऊक असते, कारण ती हास्यास्पद आहे. पुढचे कोणी सांगत नाही. फेब्रुवारी १९१६ मध्ये स्टॉकहोमला तटस्थांची परिषद खरोखर सुरू झाली. वेल्सबाई तेथे होत्या, नंतर बॉल्चही आल्या. ईस्टरच्या सुमारास परिषदेने सरकारांना व जनतेला उद्देशून तडजोडीचा मसुदा प्रसिद्ध केला. योजनेप्रमाणे काम चालू झाले होते. परंतु तिजोरीची किल्ली फोर्डच्या माणसांकडे होती. श्विमर यांच्या कारभारावर तक्रारी वाढल्या आणि मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला. श्विमर यांचा स्वभाव एककल्ली होता, हे त्यांच्या चाहत्यांनीही लपवलेले नाही. पुढे खर्च कमी करा अशा सूचना येऊ लागल्या आणि परिषद आकाराने आटत गेली. फेब्रुवारी १९१७ मध्ये अमेरिकेने जर्मनीशी संबंध तोडले, आणि फोर्डनी पैसा थांबवला. तोवर त्यांचे जवळपास पाच लाख डॉलर खर्च झाले होते. परिषद संपली. पुढच्या वर्षी पाणबुड्यांचा पाठलाग करणाऱ्या ईगल बोटी फोर्डच्याच कारखान्यात तयार होत होत्या.

या माणसांचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात सांगावे लागेल. श्विमर अमेरिकेत आल्या; शस्त्र हाती घेण्याची तयारी दाखवली नाही म्हणून १९२९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिकत्व नाकारले. १९४८ मध्ये त्या वारल्या तेव्हा त्या कोणत्याच देशाच्या नव्हत्या. बॉल्च यांची प्राध्यापकी युद्धविरोधामुळे गेली. हेगमधून उगवलेल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय शांतता संघाच्या त्या १९१९ मध्ये चिटणीस आणि खजिनदार झाल्या, आणि ही संघटना पुन्हा वर्गण्या व लहान देणग्यांवर चालू लागली. गरिबीतच तिचे उत्तम काम झाले. १९२६ मध्ये बॉल्च एका पथकासह अमेरिकन सैन्याच्या ताब्यातील हैतीला गेल्या आणि त्या ताब्याचा सविस्तर अहवाल त्यांनी ग्रंथरूपाने दिला. स्विस रसायनशास्त्रज्ञ गेरट्रूड वोकर यांनी विषारी वायूंच्या युद्धाचा अभ्यास मांडला. त्याच प्रश्नावर संघाने १९२९ मध्ये फ्रँकफर्टला परिषद घेतली. १९३१ चे नोबेल ॲडम्स यांना मिळाले. आपल्या वाट्याची रक्कम त्यांनी संघाला दिली. पुरस्काराचे दुसरे मानकरी निकोलस मरे बटलर होते, कार्नेगीच्या शांतिनिधीचे अध्यक्ष. बॉल्च यांना १९४६ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा त्यांनीही ॲडम्स यांचाच कित्ता गिरवला.

फोर्डचा पैसा मात्र या विषयाकडे आणखी एकदा आला, आणि तो आपल्या उपखंडात. हेन्री फोर्ड आणि १९३६ मध्ये स्थापन झालेले फोर्ड फाउंडेशन एक नव्हेत, हे आधी नोंदवतो. फाउंडेशनचे दिल्लीतले कार्यालय १९५२ चे. भारत-पाकिस्तान यांच्यातील ‘नीमराना संवाद’ १९९१ मध्ये राजस्थानातील नीमराना किल्ल्यात सुरू झाला आणि पुढे त्याला या फाउंडेशनचे साह्य लाभले. त्या मेजाभोवती प्रामुख्याने निवृत्त परराष्ट्र सचिव, सेनाधिकारी आणि त्यांच्या वर्तुळातले पुरुष होते. कारगिलनंतर, मार्च २००० मध्ये, भारतीय स्त्रियांची बस दिल्लीहून लाहोरला गेली. तिच्या नेत्या निर्मला देशपांडे, नागपूरच्या पु. य. देशपांडे यांच्या, म्हणजे ‘अनामिकाची चिंतनिका’कारांच्या, त्या कन्या. वृत्तपत्रांनी त्या बसचे कौतुक केले, पण माता-भगिनींची सदिच्छायात्रा म्हणूनच. सुरक्षेचे जाणकार किल्ल्यात आणि सदिच्छा बसमध्ये, अशी वाटणी तेव्हाही झाली, आणि दात्याचा पैसा साहजिकच जाणकार म्हणवणाऱ्यांकडे वळला.

परदेशी पैसा संशयाखाली राहणे हेही नवे नाही. आपल्याकडे परदेशी देणग्यांचा कायदा १९७६ मध्ये आणीबाणीत आला. २०१० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे सोपवण्यास बंदी झाली. दिल्लीतील मोठ्या संस्थेने देणगी घ्यावी आणि श्रीनगर वा इंफाळमधील लहान स्त्रीगटाला त्यातून काम द्यावे, हा रस्ता त्यामुळे बंद झाला. दाता स्वतःच्या घाईने काम बिघडवू शकतो, हे फोर्डच्या बोटीवरून दिसतेच. म्हणून संशय सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु देशातल्या देशात या कामाला पैसा कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर कायदा देत नाही. १९१५ मध्ये ब्रिटिश सरकारनेही टिलबरीच्या बंदरातल्या स्त्रियांना ते दिले नव्हते.

वेल्सबाई मॅडिसनला परतल्या आणि निवृत्तीपर्यंत तेथेच इंग्रजी शिकवत राहिल्या. शेक्सपिअर हा त्यांचा अभ्यासविषय होता. १९५७ मध्ये त्या वारल्या.