रुग्णाची संमती

रुग्णालयात दाखल होताना माणूस आपल्या शरीरावरचा अधिकार सोडून देत नाही. म्हणून संमती हा रुग्णहक्कांचा पाया होय. तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीचे गर्भाशय केवळ तिच्या आईच्या होकारावर काढणे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अनधिकृत ठरवले. रुग्णाला वैद्यक कळत नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण नेमके त्याचमुळे आजार, उपचार, धोके आणि पर्याय त्याला समजेल अशा भाषेत सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य ठरते. घाईघाईत घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. जीव वाचवण्याची निकड असेल तेथे न्यायालयानेही संमतीची अट शिथिल केली. दुसरी शस्त्रक्रिया टाळण्याची सोय मात्र त्या निकडीत बसत नाही. संमतीसह असे हक्क रुग्णाला कळावेत म्हणून महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांना २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते.