सूज, ताप आणि तंजावरचे सालोत्री

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात हिंडताना जिवंत घोडा क्वचितच दिसतो, मातीचे मात्र बरेच. गावाच्या शिवेवर अय्यनारचं ठाणं असतं आणि समोर कुंभाराने घडवलेले, नवसाचे घोडे ओळीत उभे असतात. रात्री अय्यनार त्यांच्यावर स्वार होऊन गावाभोवती गस्त घालतो, अशी इथली श्रद्धा आहे. फौजी माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

मातीच्या घोड्याला वैद्य लागत नाही. हाडामांसाच्या घोड्याला लागतो, आणि इथे आपल्या मराठी इतिहासाचा धागा सापडतो. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजे भोसल्यांनी तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी राहिली. घोडदळावर उभ्या राहिलेल्या राज्याला घोड्याचं दुखणं ही घरगुती बाब नसते. पागेत घोडा लंगडला की स्वार पायउतार झाला, म्हणजे फौजेतली एक तलवार कमी झाली. म्हणून नालबंद आणि मोतद्दार यांच्याइतकाच सालोत्रीही मोलाचा. हा शब्द शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरून आला. पुढे इंग्रजांच्या हिंदी रिसाल्यांतही घोड्यांच्या देशी वैद्याला ‘सलोत्री’च म्हणत.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावावरचं ‘अश्वशास्त्र’ आहे. ग्रंथालयाने ते १९५२ मध्ये चित्रांसह छापलं. या ग्रंथालयाला मोठं केलं ते सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, राजांकडे किल्ला आणि थोडा परिसर उरला. तलवार म्यानात गेल्यावर या माणसाने ग्रंथ आणि औषधं हाती घेतली. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एका छपराखाली होतं, आणि माणसांबरोबर जनावरांच्या औषधांचाही विचार होत असे. डोळ्यांवर उपचार केलेल्या रुग्णांच्या नोंदी आजही शिल्लक आहेत. कोण आला, काय होतं, काय केलं, पुढे काय झालं, हे लिहून ठेवायची शिस्त त्यांत दिसते.

१८०१ मध्ये सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. रामेश्वरच्या वाटेवरची छत्रं, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा, आपल्याकडेच राहू द्याव्यात अशी विनंती त्यात आहे. छत्रात शिक्षक असतो, आणि रोग, सूज व सर्पविष यांवर इलाज करणारा वैद्यही असतो, असं ते सांगतात. रोगाच्या शेजारी सूज वेगळी मोजलेली आहे. असंच एक छत्र त्यांनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडू इथे बांधलं. आज त्याच ओरत्तनाडूत सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

सूज आणि रोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घोड्याच्या बाबतीत आजही पहिलं शिकण्यासारखं आहे. खडकवासल्याला घोडेस्वारी शिकलेल्या प्रत्येकाला पायावरून हात फिरवून ऊब आणि सूज तपासायची सवय लागते. समजा, पाय सुजलाय, जखम चिघळलीय, अंगात ताप आहे. अशा वेळी बहुधा दोन औषधं दिली जातात: जंतू मारायला प्रतिजैविक, आणि वेदना व सूज उतरवायला फेनिलब्युटाझोन, ज्याला तबेल्यात ‘ब्यूट’ म्हणतात. दोन्ही आपापली कामं करतील, हा आपला हिशेब. पण घोड्याच्या रक्तात ती वेगवेगळ्या रांगांत उभी राहत नाहीत.

ब्यूटचा बहुतेक भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतो. काही प्रतिजैविकंही तिथेच जागा शोधतात. पेनिसिलिन मूत्रपिंडातल्या ज्या वाटेने बाहेर पडतं, त्या वाटेवर सूज उतरवणाऱ्या औषधांचीही गर्दी असते. १९९० च्या सुमारास घोड्यांवर झालेल्या अभ्यासात ब्यूटसोबत पेनिसिलिन दिल्यावर रक्तातली त्याची पातळी वाढलेली दिसली. वाचायला चांगलं वाटतं. पण त्याचं एक कारण असं होतं की औषध रक्ताबाहेर, शरीरात कमी पसरत होतं. कोठारात दाणागोटा भरपूर आहे म्हणून चौकीवर शिधा पोचला असं होत नाही, तसंच हे. जंतू तर चौकीवर, म्हणजे जखमेत असतात. जेंटामायसिनच्या बाबतीत चित्र उलटं निघालं. ब्यूट चालू असताना ते घोड्याच्या शरीरातून अधिक लवकर ओसरलं. म्हणजे एकच नियम सगळ्या जोड्यांना लागू होत नाही.

खरा धोका मूत्रपिंडाला आहे. जेंटामायसिन तिथल्या सूक्ष्म नलिकांत साचतं आणि त्यांना इजा करू शकतं. शरीरातलं पाणी कमी झालं की प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. सूज उतरवणारी औषधं नेमकी हीच द्रव्यं अडवतात. म्हणजे घाम गाळून दमलेल्या, पाणी न प्यायलेल्या जनावराला दोन्ही औषधं एकदम दिली तर मूत्रपिंडावर दुहेरी हल्ला होतो. रेकळा शर्यतीत गाडी ओढलेला घोडा असो की डोंगरात ओझं वाहिलेलं खेचर, आधी पाणी, मग सुई.

माणसाचा अंदाजही इथे चालत नाही. ब्यूटची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला माणसात जवळपास तीन दिवस लागतात, घोड्यात पाच-सहा तास. घरातल्या गोळीच्या हिशेबाने घोड्याला औषध देणारा चुकतोच.

आणखी एक फसवणूक आहे. ब्यूटने ताप उतरतो, घोडा पाय टेकतो, चंदी खाऊ लागतो. मालकाला वाटतं, बरा झाला. खरं तर वेदना गप्प बसली आहे, जंतू कदाचित अजून आत आहेत. १९६८ च्या केंटकी डर्बीत पहिला आलेला ‘डान्सर्स इमेज’ याच औषधाच्या अंशामुळे अपात्र ठरवला गेला. वेदना झाकून घोडा पळवता येतो, पण त्याची किंमत तो बोलून दाखवू शकत नाही.

आयुर्वेदात औषधासोबत अनुपान सांगतात, कारण एखादी गोष्ट कशाबरोबर पोटात गेली यावर तिचा गुण ठरतो. आजचा पशुवैद्य हाच प्रश्न रक्त तपासून सोडवतो: प्रतिजैविकाची पातळी किती, क्रिएटिनिन किती, घोडा पाणी किती पितो. त्यावरून मात्रा आणि दोन सुयांमधलं अंतर ठरतं. दोन्ही औषधं एकत्र देऊच नयेत असं नाही. पुष्कळदा द्यावीच लागतात. पण मोजून आणि लिहून.

तंजावरच्या राजाकडे फौज उरली नव्हती, तरी नोंदवही उरली. ज्यांच्याकडे आज एखादं तट्टू, घोडा किंवा खेचर आहे, त्यांना एवढंच सांगणं: दुकानातून दोन औषधं एका पुडीत आणू नका. डॉक्टरांना विचारा, आणि कोणतं औषध किती वाजता दिलं, जनावराने पाणी कधी प्यायलं, हे भिंतीवर खडूने का होईना, लिहून ठेवा.