बांध कोणाचा, भय कोणाचे?

बेंगळूर नगर कोणत्याही मोठ्या नदीच्या तीरी वसलेले नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीच्या पठारावर ते उभे आहे आणि तेथे पडणारे पावसाचे पाणी चहूकडच्या खोऱ्यांतून निघून जाते. ते जाण्यापूर्वी अडवावे, याच उपायावर या प्रदेशाने शतकानुशतके तहान भागविली. ओढ्यावर मातीचा बांध घालावयाचा आणि त्याचा सांडवा खालच्या तळ्यात सोडावयाचा. अशा रीतीने तळ्यांच्या माळाच माळा येथे तयार झाल्या. सोळाव्या शतकात केंपेगौडाने पेठ वसविली, 1638 नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत हे नगर आले, पुढे ते म्हैसूरकरांकडे गेले. राज्ये बदलली, नगराचे पाणी मात्र बांधांच्याच भरवशावर राहिले.

हे सारे बांध राजांनीच घातले असे नव्हे. गावचे प्रमुख आणि धनिक यांनीही तळी बांधली. त्यांच्या मोबदल्यात म्हैसूर प्रांतात ‘कट्टे कोडगी’ नावाचे इनाम मिळे. बांध घालणाऱ्याने तो राखावयाचा आणि त्याबद्दल त्याने व त्याच्या वंशजांनी जमीन उपभोगावयाची, असा हा व्यवहार होता. ही जमीन बहुधा त्याच तळ्याच्या पाण्यावर भिजणारी असे. बांध फुटला तर प्रथम इनामदाराचेच पीक वाहून जावयाचे. ज्याच्या हाती बांध, त्याच्याच शिरावर धोका, हे या व्यवस्थेचे खरे मर्म होते. तळ्याचे पाणी सोडण्याचे व वाटण्याचे काम नीरगंटी नावाच्या गावकामगाराकडे असे. त्यामुळे बांधावर रोज कोणाची तरी नजर पडत असे.

अशी नजर असणे अगत्याचे होते, कारण मातीचा बांध दगडी भिंतीसारखा नसतो. सांडवा अपुरा पडून पाणी माथ्यावरून वाहू लागले की उतरणीची माती झपाट्याने धुपते आणि काही तासांत बांधाला खिंडार पडते. दुसरा शत्रू अधिक छुपा असतो. उंदरांची बिळे, वाळवीची वारुळे, झाडांची कुजलेली मुळे किंवा मोरीलगतची फट यांतून पाणी झिरपू लागते. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तर धीर धरता येतो. ते गढूळ झाले, म्हणजे बांधाची माती आतून वाहून चालली असे समजावे.

मालकी एकाची आणि धोका दुसऱ्याचा, अशी स्थिती झाली की काय घडते, याचे दारुण उदाहरण अमेरिकेत आहे. पेन्सिल्व्हानियातील साउथ फोर्क येथील मातीचे धरण धनिकांच्या एका क्लबाच्या मालकीचे होते. तळातून पाणी सोडण्याचे नळ पूर्वीच्याच मालकाने काढून टाकलेले होते. क्लबाने ते पुन्हा बसविले नाहीत. गाड्या जाण्यासाठी माथा खाली घेण्यात आला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसविण्यात आल्या. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत ते धरण फुटले आणि खालच्या जॉन्सटाउन शहरात व आसपास दोन हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. क्लबाला न्यायालयात जबाबदार ठरविता आले नाही.

मालकी सरकारी असली म्हणजे धोका टळतो, असेही नाही. 12 जुलै 1961 रोजी अपुरे राहिलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. जवानांनी वाळूची पोती रचून त्याला धीर दिला होता. पुण्याच्या जुन्या वस्त्यांवरून मात्र पाणी जावयाचे ते गेलेच.

बेंगळूरची कथा मात्र निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्ट्याहून नळाने पाणी येऊ लागले आणि शहरास तळ्यांची गरज उरली नाही. धर्मांबुधी तळ्याच्या जागी बसस्थानक झाले, संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण. जी तळी उरली, त्यांच्या बांधाखालची भातशेती जाऊन तेथे घरे उठली. बांध तितकाच उंच राहिला. त्याच्याखाली मात्र पिकाऐवजी माणसे आली. 24 नोव्हेंबर 2019 रोजी हुळिमावू तळ्याचा बांध फुटून शेकडो घरांत पाणी शिरले. बांधाशी खोदकाम झाल्याचे पुढे आले, आणि तळे कोणाच्या ताब्यात, याविषयी शासकीय यंत्रणांतच वाद सुरू झाला. कोडगीच्या काळी हा प्रश्न पडलाच नसता.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने मालक निश्चित केला आहे. तो सरकार असो वा एखादी कंपनी, पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहणी करणे आणि आपत्तीची योजना सिद्ध ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. परंतु हा कायदा 15 मीटरांहून उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटरांच्या धरणांना काही अटींवर. गावोगावचे बहुतेक लहान बांध त्याच्या कक्षेबाहेरच राहतात. पाण्याचे भय बांधाच्या उंचीवरून मोजता येत नाही. त्याच्या पायथ्याशी रात्री किती माणसे झोपतात, यावरून ते मोजावे लागते. जुन्या इनामदाराला हा हिशेब कोणी शिकवावा लागला नाही, कारण त्याचे स्वतःचे शेत त्या पायथ्याशी होते.