स्टर्लिंगचे टोलबूथ
स्टर्लिंगचे टोलबूथ : स्कॉटलंडमधील स्टर्लिंग या प्राचीन नगराचे जुने नगरभवन. किल्ल्याकडे चढत जाणाऱ्या ब्रॉड स्ट्रीट या जुन्या बाजारपेठेत ते उभे आहे. ‘टोल’ म्हणजे जकात आणि ‘बूथ’ म्हणजे खोपट. यावरून बाजारात जकात वसूल करण्याच्या जागेस ‘टोलबूथ’ ही संज्ञा मिळाली. पुढे नगरसभेची बैठक, न्यायालय व तुरुंग ही कामेही तेथेच चालू लागल्याने हा शब्द स्कॉटलंडमध्ये नगरभवन आणि कारागृह अशा दोन्ही अर्थांनी रूढ झाला. कर घेणारा, न्याय देणारा आणि कोंडून ठेवणारा असे सत्तेचे तिन्ही अधिकार एका छपराखाली एकवटलेले असणे, हे या वास्तुप्रकाराचे मुख्य लक्षण होय.

बाराव्या शतकात पहिल्या डेव्हिड राजाच्या कारकीर्दीत स्टर्लिंगला राजनगराचा दर्जा लाभला. राजनगरास व्यापाराचे खास हक्क असत. त्याबरोबरच तुरुंग राखण्याची जबाबदारीही त्यावर असे. कर्जापायी अटकेत असलेला ऋणको पळाल्यास त्याचे देणे नगराला भरावे लागे. त्यामुळे भक्कम भिंतींचे टोलबूथ ही प्रतिष्ठेइतकीच व्यवहाराचीही गरज होती.

सध्याची वास्तू १७०३ ते १७०५ या काळात बांधली गेली. तिचा आराखडा सर विल्यम ब्रूस या वास्तुशिल्पज्ञाचा आहे. स्कॉटलंडमध्ये अभिजात वास्तुशैली रुजविण्याचे श्रेय ब्रूसकडे जाते. एडिंबरोच्या होलीरूड राजवाड्याची १६७१–७९ मधील पुनर्रचना हे त्याचे प्रसिद्ध कार्य. जुनी टोलबूथे किल्ल्यातील बुरुजांसारखी जड व बंदिस्त असत. ब्रूसने मनोऱ्याची परंपरा राखली. मात्र दर्शनी भागास घडीव दगड व समान अंतरावरील खिडक्या देऊन त्यास संयत रूप दिले. चौकोनी मनोऱ्यावर डच धर्तीचे वक्राकार शिखर असून मनोऱ्यात घड्याळ व घंटा आहेत. बाजाराची वेळ सांगणे, लोकांना एकत्र बोलावणे व धोक्याची सूचना देणे ही अशा नगरघंटांची कामे असत.

नगरसभा मात्र लोकनियुक्त नव्हती. १४६९ च्या कायद्यानुसार जुन्या सभेनेच नव्या सभेची निवड करावयाची असल्यामुळे सत्ता मोजक्या व्यापारी व कारागीर श्रेणींच्या हाती राहिली. स्टर्लिंगमध्ये काही सभासदांनी सत्तेचे लाभ आपसांत वाटून घेण्याचा गुप्त करार केला होता. तो उघडकीस आल्यावर १७७५ मध्ये नगरसभेची निवडणूक अवैध ठरली आणि १७८१ पर्यंत नगराचे स्वशासन खंडित झाले. त्यानंतर १७८५ मध्ये गिडियन ग्रे याने ब्रॉड स्ट्रीटवरील दर्शनी भाग मूळ शैलीस अनुसरून वाढविला. १८०६ ते १८११ या काळात रिचर्ड क्रिक्टन याच्या आराखड्यानुसार मागील बाजूस न्यायालय व तुरुंग यांची भर पडली.

या वास्तूच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रसंग १८२० मधील होय. मताधिकार व संसदीय सुधारणा यांसाठी पश्चिम स्कॉटलंडातील विणकर व कामगार यांनी उठाव केला. त्यांची एक तुकडी कॅरन येथील लोखंडाच्या कारखान्यातून शस्त्रे मिळविण्यासाठी निघाली असता ५ एप्रिल रोजी बॉनीम्यूर येथे घोडदळाने तिचा पराभव केला. तिचे पुढारी जॉन बेअर्ड व अँड्रू हार्डी यांच्यावर स्टर्लिंगमध्ये राजद्रोहाचा खटला चालला. ८ सप्टेंबर १८२० रोजी टोलबूथसमोर त्यांना फाशी देऊन नंतर त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यांचे अनेक सहकारी ऑस्ट्रेलियात हद्दपार झाले. पुढे १८३२ च्या सुधारणा कायद्याने मताधिकार काहीसा विस्तारला, १८३३ मध्ये स्वतःच स्वतःची निवड करणाऱ्या नगरसभांची पद्धत संपुष्टात आली आणि १८३५ मध्ये हद्दपार झालेल्यांना माफी मिळाली. ज्या मागणीसाठी टोलबूथच्या दारात दोघांचे प्राण घेतले गेले, तिचा अंश तेरा वर्षांच्या आत टोलबूथच्या सभागृहातही मान्य झाला.

यानंतर एकत्र असलेले अधिकार एकेक करून बाहेर पडले. दाटी व अस्वच्छता यांमुळे बदनाम झालेल्या तुरुंगाची जागा १८४७ मध्ये नव्या कारागृहाने घेतली. न्यायालय व नगरपालिका यांसाठीही कालांतराने स्वतंत्र इमारती झाल्या. १९७५ मध्ये स्थानिक शासनाच्या पुनर्रचनेत राजनगरांची स्वतंत्र शासनव्यवस्थाच रद्द झाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी रिचर्ड मर्फी यांच्या वास्तुसंस्थेने जुना दगडी सांगाडा राखून या वास्तूचे संगीत व कलाकेंद्रात रूपांतर केले. स्कॉटलंडमधील अनेक टोलबूथे रस्ते रुंद करण्यासाठी किंवा निरुपयोगी ठरल्यामुळे पाडली गेली. एडिंबरोचे जुने टोलबूथ १८१७ मध्येच नामशेष झाले असून फरसबंदीतील हृदयाकृती तेवढी त्याची जागा दर्शविते. अशा स्थितीत स्टर्लिंगचे टोलबूथ हे नगरशासनाच्या बदलत्या स्वरूपाचा दगडात टिकून राहिलेला पुरावा म्हणून महत्त्वाचे ठरते.