चाकांचा आवाज : दोष टायरचा की बेअरिंगचा?

मोटारीच्या चाकांकडून नेहमीपेक्षा निराळा आवाज येऊ लागला की बहुतेक गॅरेजमध्ये प्रथम बेअरिंगवर ठपका ठेवला जातो. प्रत्यक्षात सदोष टायर आणि झिजलेले बेअरिंग यांची घरघर कानाला जवळजवळ सारखीच वाटते, त्यामुळे चांगला भाग बदलला जाण्याची आणि मूळ दोष तसाच राहण्याची शक्यता असते. वाहनधारकाने थोडे लक्षपूर्वक निरीक्षण केल्यास हा घोटाळा बव्हंशी टाळता येतो.

आवाज इंजिनाचा नाही, याची खात्री आधी करून घ्यावी. मोकळ्या रस्त्यावर वेग तोच ठेवून गिअर बदलावा. इंजिनाचे फेरे बदलूनही आवाजात फरक पडला नाही, तर तो चाकांशी संबंधित आहे असे समजावे. त्यानंतर रस्त्याकडे लक्ष द्यावे. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर जाताच आवाजाचा पोत बदलत असेल, तर तो टायरचा असण्याचा संभव अधिक. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा ग्रेटर नोएडा ते आग्रा हा यमुना द्रुतगती मार्ग अशा काँक्रीटच्या रस्त्यांवर निर्दोष टायरही अधिक गुंजतात आणि सांध्यांवर ठक-ठक करतात; तो बिघाड नव्हे.

बेअरिंगची घरघर मात्र पृष्ठभाग बदलला तरी फारशी बदलत नाही. ती वेगाबरोबर चढते आणि वळणावर कमी-जास्त होते. डावीकडच्या विस्तीर्ण वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो. त्या वेळी घरघर वाढली, तर संशय उजव्या बाजूच्या बेअरिंगवर घ्यावा. उजव्या वळणावर याच्या उलट. ही खूण दरवेळी अचूक ठरतेच असे नाही. म्हणून सपाट जागी, इतर चाकांना अडण लावून, चाक जॅकवर उचलावे आणि वर-खाली धरून हलवून पाहावे. ढिलेपणा जाणवला किंवा हाताने फिरवताना खरखर आली, तर मेकॅनिककडून तपासणी आवश्यक आहे. केवळ जॅकच्या आधारावर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

टायरचा दोष हाताला कळतो. गाडी उभी असताना टायरच्या नक्षीवरून जपून तळवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर अलाइनमेंट बिघडले आहे. जागोजागी खोलगट झीज असल्यास शॉक अॅब्सॉर्बर थकल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी नुसते टायर बदलल्यास नवे टायरही तसेच झिजतात. शंका उरलीच, तर पुढचे व मागचे टायर आपसांत बदलून पाहावेत. आवाजाची जागा बदलली, तर दोष टायरचाच.

संथ वेगात एकसारखी टिक-टिक येत असेल, तर नक्षीत खडा किंवा खिळा अडकलेला असू शकतो. खिळा मात्र रस्त्यातच उपटू नये. हवा निघून जाते. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीचे टायर खालून चपटतात व सुरुवातीला धप-धप करतात, टायर तापल्यावर ते बहुधा थांबते. न थांबणाऱ्या धप-धपीबरोबर हादरेही बसत असतील, तर टायरच्या बाजूला फुगा आला आहे काय, हे तातडीने पाहावे. खड्ड्याच्या आघाताने आतील दोरे तुटले की असा फुगा येतो. त्याची दुरुस्ती होत नाही. टायर बदलणे हाच उपाय. भारतातील मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असणे बंधनकारक आहे.

पूर्ण स्टेअरिंग वळवून गाडी पुढे घेताना कट-कट ऐकू आल्यास पुढच्या चाकांना गती देणाऱ्या दांड्याचा सांधा झिजलेला असतो. त्यावरील रबरी आवरण फाटून आत धूळ व पाणी गेल्याने बहुधा असे घडते. आवरण वेळीच बदलल्यास सांधा वाचतो.

सर्वांत गंभीर बाब म्हणजे पंक्चर काढल्यानंतर किंवा चाक बदलल्यानंतर सुरू झालेली खडखड. नट सैल असल्यास चाक निखळू शकते. गाडी तत्काळ बाजूला घेऊन नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावेत.

पावसाळ्यात सकाळी ब्रेक दाबताच येणारी खरखर बहुधा डिस्कवरील गंजाची असते व चार-सहा वेळा ब्रेक लावल्यावर जाते. ती दिवसभर टिकली, किंवा तिच्या जागी कर्कश किंचाळी येऊ लागली, तर ब्रेक पॅड तपासून घ्यावेत.