'लेस' की 'फ्यूअर'? : एका लाल रेघेचा इतिहास

१/ मराठीला 'कमी' हा एकच शब्द पुरतो : कमी पाणी, कमी माणसे. इंग्रजी शिकू लागताच त्याची दोन शकले होतात. पाणी 'लेस', माणसे 'फ्यूअर'. उत्तरपत्रिकेत 'लेस पीपल' लिहिणाऱ्याच्या वाट्याला लाल रेघ येते. ही रेघ मुळात ओढली कोणी?

२/ आरंभी ती नव्हतीच. नवव्या शतकातील राजा आल्फ्रेड याच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या बोईथियसच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात 'लेस'चा पूर्वज चक्क 'शब्द' या मोजता येणाऱ्या नामासोबत आला आहे. ते अज्ञान नव्हे, ते त्या काळचे व्याकरण होय. तेव्हा हा शब्द नामासारखा चाले आणि पुढचे नाम षष्ठीच्या अनेकवचनात येई. जणू 'शब्दांपैकी कमी'. पुढे इंग्रजीचे विभक्तिप्रत्यय झिजले, षष्ठीची खूण पुसली गेली आणि 'लेस' अनेकवचनाला थेट बिलगून राहिला. तसाच तो शतकानुशतके चालला.

३/ इ. स. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर याचे 'रिफ्लेक्शन्स ऑन द इंग्लिश लँग्वेज' प्रसिद्ध झाले. 'नो लेस दॅन अ हंड्रेड' यापेक्षा 'नो फ्यूअर दॅन अ हंड्रेड' अधिक डौलदार व उचित वाटते, असे त्याने नोंदविले. 'वाटते' हा शब्द येथे महत्त्वाचा. बेकर काही विद्यापीठीय पंडित नव्हता. आपल्याला ग्रीक येत नाही, लॅटिनही बेताचेच, हे त्याने स्वतःच सांगून टाकले होते. पुढच्या व्याकरणकारांनी मात्र 'वाटते' गाळले आणि एका माणसाच्या अभिरुचीचा नियम केला. गंमत अशी की 'नो लेस दॅन अ हंड्रेड' आजही शिष्ट इंग्रजीत सर्रास चालते.

४/ 'अधिक'च्या बाजूला नेमके उलटे घडले. तेथे संख्येसाठी 'मो' आणि परिमाणासाठी 'मोअर' असा भेद खरोखरच होता. शेक्सपिअरच्या नाटकांत 'मो' आढळतो. नंतर तो लोपला आणि 'मोअर'नेच दोन्ही कामे पत्करली. त्याबद्दल कोणाच्याही वहीवर लाल रेघ उमटत नाही.

५/ परीक्षेपुरते मोजता येणाऱ्या अनेकवचनी नामांसाठी 'फ्यूअर' लिहिणेच सुरक्षित. परंतु पैसा, अंतर व काळ यांना आकडा असूनही 'लेस'च शोभतो : 'लेस दॅन टेन किलोमीटर्स'. कारण तेथे दहा सुट्या वस्तू मोजल्या जात नाहीत, सलग अंतर मोजले जाते.

६/ ब्रिटनमध्ये हा वाद दुकानांपर्यंत पोहोचला. झटपट बिलाच्या रांगेवरील 'टेन आयटम्स ऑर लेस' या पाटीवर शुद्धतावाद्यांचा रोष होता. २००८ मध्ये टेस्कोने 'अप टू टेन आयटम्स' अशी नवी पाटी स्वीकारली. तिच्यात 'लेस' नाही आणि 'फ्यूअर'ही नाही.